मनुका

शनिवारी रात्री साडेनऊला
पातेल्यात पाव किलो काळ्या मनुका,
वर चार बोटं पाणी.
तुर्भ्याच्या बाजारातून पप्पा घेऊन आले.
देठ काढायचं काम माझं.

हे आधी अलीशिबाबाई करायच्या, एकवीस वर्षं.
आता त्यांचा हात थरथरतो.
त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही,
सरळ पातेलंच आणून दिलं,
आतून काळवंडलेलं,
काठावर त्यांच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं.
मी म्हटलं, बाई, माझा विश्वास आहे की नाही
हेच मला अजून नीट ठाऊक नाही.
त्या म्हणाल्या, आच मंद ठेव.
तळाला लागतं.

कॉलेजात मुग्धा विचारते,
आडनाव साळवे, घरी भाकरी-ठेचा,
मग तू ख्रिश्चन कशी?
माझ्याकडे तयार उत्तर असायचं:
नेवाशाकडचे खापरपणजोबा, प्लेगचं साल,
मिशनच्या दवाखान्यातली एक रात्र.
सांगून झालं की हल्ली वाटतं,
ही त्यांची रात्र.
माझी कुठली?

दृढीकरणाच्या वर्गात मी पाळकांना विचारलं,
तीन वर्षं आम्ही चौघं गुडघ्यांवर होतो,
पवण्याची कंपनी पुन्हा सुरू व्हावी म्हणून.
तिथे आता काचेची इमारत आहे,
आणि पप्पा तिच्याच गेटवर रखवालदार.
देवानं ऐकलं असं धरायचं, की नाही?
पाळक बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, मलाही माहीत नाही, सुवार्ता.
त्यांचं बोलणं मला खरं वाटलं
ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पातेल्यात मनुका फुगतात,
सुरकुत्या हळूहळू निघून जातात.
पाळकांना इथे दृष्टान्त सापडला असता.
मला वास येतो,
आणि खिडकीतून एमआयडीसीचा दुसरा वास,
म्हणून खिडकी लावायला गेले,
तेवढ्यात तळाला लागलं.

आईच्या जुन्या ओढणीतून गाळला.
चाखून पाहिला नाही.
माझं दृढीकरण जूनमध्ये,
तोवर प्रभुभोजन मला नाही.

रविवारी कोपरखैरण्याच्या शाळेचा हॉल,
दहा ते साडेबारा भाड्यानं आपला.
फळ्यावर कालचे अपूर्णांक.
मी नऊलाच गेले, फळा पुसला,
बाकं भिंतीला लावली, खुर्च्या मांडल्या,
मग कप भरायला बसले, बोटभर उंचीचे, बावन्न.
हा उजागरे मामांचा, त्यांना शुगर, अर्धाच.
हा घणसोलीच्या नर्सबाईंचा, रात्रपाळी करून थेट येतात.
हा स्तेफनचा. मार्चपासून येत नाही,
तरी भरला.
हा पप्पांचा, ड्यूटी सुटली तर.
बावन्नाव्या कपाशी पोचले तेव्हा लक्षात आलं,
मी मघापासून कुणाशी तरी बोलत होते.
हॉलमध्ये कुणी नव्हतं.
काही मागितलंही नव्हतं.

भाकर फिरली, कप फिरले.
मी शेवटच्या रांगेत, मांडीवर रिकामे हात.
शेजारी अलीशिबाबाई. कप हिंदकळला,
म्हणून मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरला.
एक घोट घेऊन त्या थांबल्या,
माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या,
लागलंय जरा.
मग कप पुन्हा ओठांना लावला
आणि थेंबही न ठेवता रिकामा केला.

पाळक आशीर्वाद देत होते.
मी मान खाली घातली, रोजच्यासारखी,
पण डोळे मिटायचं
कुणी सांगावं लागलं नाही.

बुधवारी प्रॅक्टिकलला
मुग्धानं माझी बोटं धरली,
नखांच्या कडा अजून जांभळट.
हे काय सांडवलंस?
मनुका, मी म्हटलं.
ती जर्नलकडे वळली.
मी जरा थांबले,
मग तिला पुन्हा हाक मारली
आणि पातेल्यापासून सांगायला लागले.